चौदावा प्रश्न

मीटरबाईला हे नाव तिच्या जुन्या नोकरीमुळे पडलं होतं. लढाई सुरू होण्याआधी ती आपल्या शहरात पाणीखात्यात होती. दारोदार जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून आणायचे, एवढंच तिचं काम. शहर सुटलं, खातं सुटलं, नाव तेवढं चिकटून आलं. तीन वर्षांपासून ती नवरा आणि दोन मुलींबरोबर नदीपलीकडे, बंद पडलेल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात राहत होती. मोठमोठ्या दालनांत प्लायवूडचे आडोसे घालून तिथे एकशे बासष्ट खोल्या पाडल्या होत्या. उन्हं तापली की भिंतींमधून अजून व्हॅनिलाचा गोड वास सुटायचा. पोट भरलेलं असलं तर तो वास बरा वाटायचा.

शेजारच्या खोलीत तिची नणंद राहायची, नवऱ्याची मोठी बहीण. तिकडे ती एका शाळेत गणित शिकवत होती. तिचा नवरा फार आधी वारला होता, मूलबाळ नव्हतं, आणि लढाईच्या दिवसांत ती शाळेतल्या इतर शिक्षकांबरोबर वेगळ्याच रस्त्याने नदी ओलांडून आली होती. मीटरबाई तिला वन्सं म्हणायची आणि बघता बघता सगळा कारखानाच तिला वन्सं म्हणू लागला. वन्सं रोज दोन्ही वेळा भावाकडे जेवायच्या. जिभेला धार होती, पण मुलींचा अभ्यास त्याच घेत आणि आजारपणात पहिल्या त्याच धावत.

कारखान्यातल्या बायकांना पाहणीवाल्यांचा कंटाळा आला होता. एक गेला की दुसरा हजर. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, तेच प्रश्न. उत्तरं घेऊन माणसं जी जात ती पुन्हा तोंड दाखवत नसत. म्हणून कारखाना ज्या शहरात होता तिथल्या विद्यापीठातली एक प्राध्यापिका आली तेव्हा बायकांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. ती उभ्याउभ्याच म्हणाली की विस्थापित बायकांवर एक संशोधन करायचं आहे, पण तिला ते स्वतः करायचं नाही. ते इथल्याच बायकांनी करावं. काय विचारायचं, कोणाला विचारायचं, अहवालात काय लिहायचं, सगळं त्यांनी ठरवावं. परवानग्या, कागद, शिकवणं आणि कामाचा मेहनताना, एवढं ती बघेल.

"आणि अहवालावर नाव कोणाचं?" वन्संनी विचारलं.

"तुमचं."

"आणि काही चुकलं तर?"

"तर मग माझंही घाला," प्राध्यापिका म्हणाली. त्यावर कोणीतरी हसलं आणि तिच्यासाठी खुर्ची आली.

पाच जणींचा गट झाला. मीटरबाई प्रमुख, कारण अनोळखी दार वाजवायची सवय फक्त तिला होती. आकडेमोड वन्संकडे. एक तरुण टायपिस्ट होती आणि आणखी दोघी. जिथे पूर्वी बिस्किटांची खोकी भरत ती पॅकिंगची खोली त्यांना कामाला मिळाली. प्राध्यापिकेने नमुन्यादाखल चौसष्ट प्रश्न आणले होते. 'विस्थापनानंतर आपल्या निर्णयक्षमतेत काय बदल झाला?' हा त्यातला एक. मीटरबाई म्हणाली, हे विचारलं तर समोरची बाई आधी आपली निर्णयक्षमता कुठे ठेवलीय ते शोधायला उठेल. त्यांनी तो बदलून लिहिला: 'जेवायला काय करायचं ते सोडून, घरात तुमच्या म्हणण्याने ठरलेली शेवटची गोष्ट कोणती?' प्राध्यापिकेने तो प्रश्न स्वतःच्या वहीत उतरवून घेतला. चौसष्टाचे तेवीस झाले.

चौदावा प्रश्न त्या तेवीसांत आधी नव्हता. प्रश्न नीट कळतात का हे बघायला त्यांनी काही खोल्यांमध्ये जाऊन विचारून पाहिले. एकेचाळीस नंबरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाईने सगळी उत्तरं सरळ दिली. मीटरबाईने पेनाचं टोपण लावलं तेव्हा ती बाई म्हणाली, "खरं ते विचारलंच नाहीत तुम्ही. मागे कोण राहिलं, ते." आणि मग आपण होऊन सांगितलं. तिची लहान बहीण चालू शकत नव्हती. गाडीत जागा एकच होती आणि त्या जागेवर ती स्वतः बसली.

गटात हे सांगितल्यावर वन्संनी लगेच नवा प्रश्न लिहून काढला. 'निघताना तुमच्या घरातलं कोण मागे राहिलं? ते कसं ठरलं? शेवटचा शब्द कोणाचा होता?' त्याच्या जोडीला, घरात अंथरुणावर खिळलेलं कोणी होतं का आणि त्याला आणलं का. मीटरबाई म्हणाली, फार लांबतंय, बायका कंटाळतील. वन्सं म्हणाल्या, बाकीचे दहा काढा, पण हा राहू द्या. एक जुना प्रश्न काढून त्याच्या बदली हा चौदावा म्हणून घालायचा, यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीटरबाईलाही डोलवावी लागली. प्रमुखच अडून बसली असती तर का म्हणून कोणीतरी विचारलं असतं.

त्या का-चं उत्तर असं होतं.

ज्या दिवशी शहर सोडलं त्या दिवशी सकाळी तिच्या थोरल्या दिरांचा फोन आला होता. त्यांच्याकडे गाडी होती. आईला मी घेऊन जातो, तुम्ही तुमचं बघा, असं ते म्हणाले. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली होती. त्या धाकट्याकडे, म्हणजे मीटरबाईकडेच असत. त्यानंतर फोन बंद पडले. दुपारी गल्लीतला गॅसवाला आपला ट्रक घेऊन निघाला आणि ज्यांना यायचं त्यांनी पटकन चढा म्हणाला. ट्रकमध्ये माणसं उभी ठासून भरली होती, झोपलेल्या माणसाला जागा नव्हती. मुली वर चढल्या होत्या. नवरा खाली, एक पाय दारात. तो तिला म्हणाला, पळत जा, दादाची गाडी दारात आहे ना बघून ये.

दिरांचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. ती धावत गेली. फाटकाला कुलूप होतं. गाडी नव्हती. अंगणात कपडे वाळत होते, ते तसेच सोडून ती माणसं गेली होती.

परत येताना ती धावली नाही, चालत आली. काय सांगायचं हे तेव्हाच ठरलं होतं की नाही, हे तिला आजही नक्की सांगता आलं नसतं. नवऱ्याने विचारलं, आहे का गाडी? ती म्हणाली, आहे, सामान भरतायत, आईंना न्यायला येतातच. मग ती आत गेली. सासूबाईंच्या उशाशी दोन बाटल्या पाणी ठेवलं, अंगावरचं पांघरूण सारखं केलं, दार नुसतं लोटून घेतलं. आणि ट्रकमध्ये चढली.

महिन्याभराने दोघे भाऊ नदीपलीकडे भेटले तेव्हा दोघांनीही एकदम एकच विचारलं, आई कुठाय? थोरला म्हणाला, फोननंतर लगेच पूल उडणार असं कळलं, आईकडे यायला वेळच नव्हता, म्हणून तो त्या दिवशी सकाळीच निघाला होता. आई धाकट्याबरोबर येईलच असं त्याने धरलं होतं. मग मीटरबाईने दुपारी कुठली गाडी पाहिली? नवऱ्याने तिला हे कधीच विचारलं नाही. विचारलं नाही, म्हणजेच त्याला कळलं होतं. भावांनी ठरवून बहिणीला सांगितलं की आई थोरल्याच्या गाडीत होती, तिसऱ्या दिवशी रस्त्यात शांतपणे गेली. वन्सं पुष्कळ रडल्या आणि मग भावांचे आभार मानले. थोरला पुढे बायकामुलांसह समुद्रापलीकडे निघून गेला.

गटाचा एक नियम होता आणि तोही वन्संनीच घातला होता: दुसऱ्याला विचारायच्या आधी प्रत्येकीने स्वतः उत्तरं द्यायची. पहिला फॉर्म मीटरबाईचा. विचारणाऱ्या वन्सं. चौदावा प्रश्न आला तेव्हा वन्सं हसून म्हणाल्या, हे तर मलाच ठाऊक आहे, मीच लिहिते. मागे कोणी नाही. अंथरुणावर: सासू. आणली: होय, दिरांच्या गाडीतून. मीटरबाईने खाली सही केली.

मग सहा आठवडे त्या खोल्या पालथ्या घालत होत्या. एकशे अठ्ठेचाळीस घरांनी उत्तरं दिली. चौदाव्या प्रश्नाला बायका दार लावून घेत. काहींच्या तोंडाला कुलूपच लागे. काही मात्र इतकं बोलत की टायपिस्टची बोटं दुखत. एकीने बहिरी मुलगी मामाकडे ठेवली होती, आठ दिवसांत परत नेऊ म्हणून. एकीला तर नवऱ्यानेच दवाखान्यात, बाळंतपणाच्या खाटेवर सोडलं होतं. ती बाळाला घेऊन मागून एकटी चालत आली होती आणि आता त्याच नवऱ्याबरोबर त्याच खोलीत नांदत होती. मीटरबाई सगळं लिहून घ्यायची. तिचं अक्षर कधी हललं नाही. फक्त प्रत्येक घरातून निघताना तिला वाटे, ही बाई आता मला विचारेल. कोणी विचारलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याला कोण विचारतं?

वन्संनी आकडे मांडले ते सगळ्या जणी दोनदा वाचत बसल्या. एकोणचाळीस घरांनी कोणाला ना कोणाला मागे सोडलं होतं, प्रत्येकी एकाला. त्यातल्या चौतीस बाया आणि मुली, पुरुष पाच. अंथरुणाला खिळलेले पुरुष सगळ्या कारखान्यात मिळून एकोणीस होते, त्यातल्या सतरांना पाठीवर, खाटेवर, हातगाडीवर कसंही करून आणलं होतं. अंथरुणावरच्या बायका सव्वीस होत्या. आणल्या नऊ.

आणि शेवटचा शब्द? एकवीस घरांत तो घरातल्याच बाईचा होता. बहुतेक सुनेचा.

प्राध्यापिकेने हे सगळं वाचून बराच वेळ चष्मा पुसला. तिने मसुदा जिथून निधी मिळाला होता त्या कार्यालयाकडे पाठवला आणि पंधरा दिवसांत तिथून पत्र आलं. भाषा गुळगुळीत होती, मतलब एवढाच होता की बाकीचं उत्तम आहे, पण चौदावा प्रश्न गाळावा. विस्थापितांची बदनामी होईल, आधीच त्यांच्याविरुद्ध वातावरण आहे, त्यात बायकांनीच बायकांना टाकलं असं छापून आलं तर वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळेल.

प्राध्यापिका पत्र घेऊन आली. ती म्हणाली, निर्णय तुमचा आहे, मी यात बोलणार नाही. तुम्ही ठरवाल ते मला मान्य.

त्यावर मीटरबाई पहिल्यांदा चिडली. "मॅडम, पाठीशी उभं राहायचं म्हणजे पाठीमागे लपायचं नसतं. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. मग आम्ही ऐकायचं की नाही ते ठरवू."

प्राध्यापिका लाल झाली. मग हळूच म्हणाली की तिला वाटतं छापावं. पण छापल्यावर जे होईल ते इथल्या बायकांना सोसावं लागेल, तिला नाही, म्हणून ती गप्प होती.

वन्संना शंकाच नव्हती. "छापायचं. ज्यांनी सोडलं त्यांना काय वाटेल एवढंच आपण बघतोय. जे राहिले त्यांना विचारून बघा, झाकून ठेवू का म्हणून." मग त्या म्हणाल्या, "माझ्या भावांनी आणली ना आईला. रस्त्यात गेली, ते नशीब. पण आणली. मनात असलं तर आणता येतं."

खोलीत दोघी अशा होत्या ज्यांच्या घरी कोणाला तरी मागे सोडलं होतं. त्या खाली बघत राहिल्या. मीटरबाईने त्यांच्याकडे पाहिलं. या दोघींनी खरं लिहिलं होतं आणि त्यांना आता हे ऐकून घ्यावं लागत होतं, तेही तिच्या खोट्याच्या जोरावर.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची गोदामातली पाळी नव्हती. मुली शाळेत गेल्यावर ती त्याला म्हणाली की मी वन्संना सांगणार आहे. तो बूट शिवत होता, शिवतच राहिला. आधी म्हणाला, तीन वर्षं गप्प आहोतच ना, मग आता काय झालं? ताईला आता सांगून म्हातारी परत येणार आहे का? घर मोडेल, दुसरं काही होणार नाही. मग त्याने सुई खाली ठेवली.

"तू खरं सांगितलं असतंस तर मी आईजवळ राहिलो असतो, असं मला वाटतं. पण नक्की माहीत नाही. ते नक्की माहीत नाही, म्हणूनच मी तुला कधी विचारलं नाही."

ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू राहिला असतास. म्हणूनच नाही सांगितलं."

तो उठून बाहेर गेला.

मीटरबाई पॅकिंगच्या खोलीत गेली. वन्सं एकट्याच तक्ते तपासत बसल्या होत्या. तिने कोरा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, वन्सं, माझी मुलाखत परत घ्या. पहिला फॉर्म चुकलाय. वन्संना वाटलं कुठे आकड्यांत गफलत झाली असेल. त्या पेन घेऊन बसल्या आणि अनुक्रमाने सुरुवात केली, कारण त्यांना मधूनच काही करायला आवडत नसे. तेरा प्रश्न नेहमीसारखे झाले.

"चौदा. मागे कोण राहिलं?"

"आई."

वन्संनी वर पाहिलं. "कोणाची आई?"

"तुमची."

मग मीटरबाईने सांगितलं. सकाळचा फोन, ट्रक, चार गल्ल्या, कुलूप, वाळत घातलेले कपडे. आपण काय सांगितलं ते शब्दाशब्दाने सांगितलं. वन्संनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. हातातलं पेन त्यांनी कागदावर टेकवून ठेवलं होतं, त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत होता.

"भावांना माहीत आहे?"

"हो."

"सगळ्यांना माहीत आहे. मला सोडून."

"हो."

"ती काही म्हणाली?"

"थोरला आला का, विचारलं. मी म्हटलं, येतायत. मग माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं वन्सं. मी पाणी ठेवत होते तर म्हणाल्या, तू जा, मुली रडत असतील."

वन्सं खिडकीकडे वळल्या. बाहेर कोणीतरी नळावर बादल्या मांडत होतं, त्यांचा आवाज येत होता. मग त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "रागाने केलंस? चार वर्षं तिचं हगणंमुतणं काढलंस. मला माहीत आहे ती कशी बोलायची तुला."

या प्रश्नाला मीटरबाई तीन वर्षं उत्तर शोधत होती. "माहीत नाही," ती म्हणाली. "भीतीने केलं असं मी स्वतःला सांगते. पण परत येताना मी धावले नाही. ते का, ते मला माहीत नाही."

वन्संनी फॉर्म पुढे ओढला. लिहिलं. मग, "शेवटचा शब्द कोणाचा?" त्यांनी फॉर्मावरचा प्रश्न वाचला.

"माझा."

त्यांनी तेही लिहिलं. मग पंधरावा प्रश्न विचारला. मग सोळावा. तेवीसही प्रश्न त्यांनी पूर्ण केले, सही घेतली, जुन्या फॉर्मावर आडवी रेघ मारून रद्द लिहिलं आणि तक्त्याचा कागद काढला. एकोणचाळीसचे चाळीस केले. चौतीसचे पस्तीस. एकवीसचे बावीस. आणलेल्या नऊ होत्या, त्या आठ केल्या. तिथे त्यांचा हात थांबला. त्यांनी पेन टाकलं आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. मीटरबाई उठून त्यांच्याजवळ गेली तर त्या म्हणाल्या, हात लावू नकोस.

त्या दिवसापासून वन्संनी भावाकडे जेवणं बंद केलं. मुली बोलवायला गेल्या की त्यांच्याशी बोलत, अभ्यासही घेत, पण स्वतःच्या खोलीत. थोरल्या भावाला त्यांनी फोन केला, तो अर्ध्या मिनिटात संपला. धाकट्या भावाला त्या नळावर भेटल्या तर बादली तशीच ठेवून परत फिरल्या. मीटरबाईशी त्या बोलत, पण फक्त कामाचं, आणि वहिनी म्हणत ते सोडून 'तुम्ही' म्हणू लागल्या. कुठल्याही शिवीने लागलं नसतं इतकं ते तिला लागायचं.

काम मात्र थांबलं नाही, उलट वन्संमुळेच वाढलं. त्या म्हणाल्या की नुसते आकडे छापून उपयोग नाही. जी माणसं राहिली त्यांची नावं, पत्ते, वय, खुणा अशी वेगळी यादी करायची आणि हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेला द्यायची. प्राध्यापिकेने आठवण करून दिली की नावं गुप्त ठेवायचं वचन दिलंय, विचारल्याशिवाय देता येणार नाहीत. मग त्या पुन्हा सगळीकडे गेल्या. चाळीसातल्या तेहेतीस घरांनी परवानगी दिली. बाकीच्या सातांतल्या एका पुरुषाने फॉर्म फाडून मीटरबाईच्या अंगावर टाकला. प्राध्यापिका त्या दिवशी बरोबर होती. तिने वाकून तुकडे गोळा केले आणि त्याला सांगितलं की ठीक आहे, तुमचं नाव जाणार नाही. चौदावा प्रश्न गाळणार नाही असं निधीवाल्यांना कळवणारं पत्र तिने स्वतःच्या सहीने पाठवलं. पुढच्या वर्षीचा निधी मिळणार नाही, असं उत्तर आलं.

अहवाल आला आणि पत्रातली भीती खरी ठरली. एका वर्तमानपत्राने मथळा दिला, 'आयांना टाकून आलेली माणसं'. बाजारात बायकांना लोक वळून बघू लागले. कारखान्यातले पुरुष म्हणाले, या पाच जणींनी आपलीच अब्रू वेशीवर टांगली. टायपिस्टच्या वडिलांनी तिचं काम बंद केलं. एकदा पॅकिंगच्या खोलीच्या दारावर कोणीतरी शेण फासलं. मीटरबाई ते धुवत होती तेव्हा एकेचाळीस नंबरची म्हातारी आली, दुसरी बादली भरून आणली आणि खालचा अर्धा भाग धुऊन गेली.

चार महिन्यांनी शोधसंस्थेचं पहिलं पत्र आलं. तेहेतीसपैकी अकरा पत्त्यांवर त्यांची माणसं पोचली होती. दोघी जिवंत सापडल्या. बहिरी मुलगी मामाकडेच होती, आता मोठी झाली होती. आणि एक म्हातारी कुठल्याशा आश्रमात. पाच जणींच्या मृत्यूची नोंद मिळाली. तिघींचा काहीच पत्ता नव्हता. अकरावा पत्ता मीटरबाईच्या घराचा होता. घरात आता दुसरेच लोक राहत होते. शेजारच्या एका माणसाने सांगितलं की लोक निघून गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी कोणीतरी हातगाडीवरून एका म्हाताऱ्या बाईला सरकारी इस्पितळाकडे नेताना त्याने पाहिलं होतं. इस्पितळातले रोगी पुढे सीमेजवळच्या तीन गावांत हलवले गेले. त्यापुढे माहिती नाही.

वन्संनी ते पत्र पॅकिंगच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. आठवड्याच्या आत त्यांनी सीमेपर्यंत जायचा परवाना काढला. पुढे कोणाला जाऊ देत नाहीत, पण त्या तीन गावांतून इकडे आलेली माणसं सीमेवरच्या छावणीत होती, त्यांना विचारता आलं असतं. भाऊ म्हणाला मी येतो. त्या नको म्हणाल्या.

निघायच्या दिवशी सकाळी मीटरबाई न बोलावता बसथांब्यावर गेली. वन्संनी तिला पाहून मान वळवली, पण परत जा म्हणाल्या नाहीत. बसला अवकाश होता. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून वही काढली.

"तिच्या अंगावर काय होतं?"

मीटरबाईने सांगितलं. तपकिरी गाऊन, त्यावर करडा स्वेटर, वरून दुसरं बटण तुटलेलं. पायात लोकरीचे मोजे. डाव्या हाताला सूज होती. केस त्याच आठवड्यात कापले होते, मानेपर्यंत. वन्सं लिहीत गेल्या. बस आली तेव्हा मीटरबाईने बॅग उचलून वर दिली. वन्संनी ती घेतली. दार लागलं.

घरी पोचून ती भांडी घासायला बसली आणि तिच्या एकदम लक्षात आलं, करडा नाही. करडा आदल्या दिवशी धुवायला काढला होता. त्या दिवशी निळा होता. ओल्या हातानेच तिने फोन लावला. वन्सं उचलतील असं तिला वाटलं नव्हतं, पण त्यांनी उचलला.

"वन्सं, स्वेटर निळा होता. करडा नाही, निळा."

बसचा खडखडाट ऐकू येत होता. "निळा," वन्सं म्हणाल्या. मग विचारलं, "बटणं?"

"सगळी होती."

फोन बंद झाला. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला, तिच्यासमोर जमिनीवर बसला, आणि म्हणाला की त्या दिवशी मी खालीच उभा होतो, आत जाऊन आईला भेटलो नाही. मला काहीच आठवत नाही. तुला आणखी काय आठवतंय ते सांग.

तिने हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली.